अनसूबाईचा हात आणि निळी ज्योत

मानसशास्त्र शिकलेल्या बाईचं कारखान्यात काय काम, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारला होता. त्याला वाटलं, आत कुणाचं तरी डोकं फिरलंय आणि साहेबांनी मला बोलावून घेतलंय. पुढे निवृत्त होईपर्यंत मी वेगवेगळ्या कारखान्यांत कामगारांना शिकवायचं काम केलं, पण हा प्रश्न काही सुटला नाही. लग्नकार्यात बायका विचारायच्या, म्हणजे तुम्ही मनातलं ओळखता का हो? मी म्हणायचे, छे, मी फक्त हात बघते. त्यांना ती थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती.

ही गोष्ट पन्नास ते साठच्या मधल्या काळातली. पिंपरीला तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांना ज्वारीची शेतं होती आणि त्यांतच एकेक कारखान्याचं छप्पर उगवत होतं. आमचा कारखाना लहान होता. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांमध्ये औषध भरून त्यांची तोंडं बंद करायची, एवढंच काम. चालवणारे होते दातारसाहेब. माणूस हुशार, पण घाईचा. कामगारांना पद्धतशीर शिकवलं तर मोडतोड कमी होते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मला त्यांनी परीक्षेवर ठेवून घेतलं. जमलं तर पुढे बघू, म्हणाले.

कुपी बंद करणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब टेबलावर ओळीनं बर्नर असायचे. मागच्या खोलीतून नळीनं गॅस यायचा, आणि हवा मिसळली की फुस्स असा आवाज करत सुईसारखी निळी ज्योत उभी राहायची. डाव्या हातात कुपी धरायची, तिची मान ज्योतीत फिरवायची, काच लोण्यासारखी मऊ झाली की उजव्या हातातल्या चिमट्यानं टोक ओढून घ्यायचं. तोंड बंद. जास्त वेळ धरली तर काच ओघळते, कमी धरली तर बारीक भोक राहतं. मानेत औषधाचा थेंब अडकलेला असेल तर तो तापून कुपी फुटते. हे काम करायला आजूबाजूच्या गावांतल्या बायका यायच्या, बरोबर सातारा-बीडकडून आलेल्या कामगारांच्या बायकाही असायच्या. चुलीपाशी जन्म गेलेल्या त्या बायकांना जाळाचं भय नव्हतं.

आमच्या शिक्षणात तेव्हा वर्तनवादाचा जोर होता. या मताचे लोक म्हणायचे, मन दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल बोलू नका. दिसतं ते वागणं. घंटेमागून खाणं, असं पुन्हा पुन्हा घडलं की कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या घंटेनं पाणी सुटतं. झालं, तो शिकला. एखादी गोष्ट केल्यावर चांगलं घडलं तर प्राणी ती पुन्हा करतो, वाईट घडलं तर टाळतो, आणि माणूसही त्यातलाच. याच्या उलट जर्मनीतल्या काही पंडितांचं म्हणणं होतं, की शिकणं म्हणजे उमगणं. पिंजऱ्यातलं माकड बाहेरच्या केळ्याकडे बघतं, मग काठीकडे बघतं, आणि एकदम त्याला दोन्हींचं नातं दिसतं. तिसरा पंथ बालपणीच्या दडपलेल्या आठवणी उकरणाऱ्यांचा. आमचे सर तिन्ही शिकवायचे, पण परीक्षेत प्रश्न पहिल्यावरच काढायचे, म्हणून मी वर्तनवादी झाले.

पिंपरीत आल्यावर मात्र ते मत मला पटायलाही लागलं. मोठ्या कारखान्याचा भोंगा झाला की शेजारच्या रानातले नांगराचे बैल आपण होऊन थांबायचे. कारण त्या भोंग्याला औत सोडायची पद्धत पडली होती. आमच्याकडेही तसंच काहीसं होतं. कुपी फुटली की मुकादम चारचौघांत ओरडायचा. त्यानं फुटणं कमी व्हायला हवं होतं. झालं असं की बायका फुटक्या काचा ओच्यात लपवायला शिकल्या. मी दातारसाहेबांना सांगून ओरडणं बंद करवलं आणि ज्या टेबलाचं काम चांगलं होईल त्याला चहाची सुटी आधी द्यायला लावली. काचा ओच्यातून निघून ताटलीत दिसायला लागल्या आणि हळूहळू खरोखरच कमी झाल्या. साहेब माझ्या विषयाला कुत्र्याची विद्या म्हणायचे, पण त्या महिन्यात त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

अनसूबाई आमच्याकडची सगळ्यांत चांगली कारागीर. पिंपळे गुरवची, जुन्या शेतकरी घरातली. रान थोडं, त्यातलंही थोडं नव्या रस्त्यात गेलेलं. नवरा धोंडिबा बैलगाडीनं कारखान्यांच्या बांधकामांवर विटा टाकायचा. अनसूबाई कुपी ज्योतीत फिरवायची तेव्हा मी नव्या बायकांना आणून तिच्यामागे उभं करायचे. ती काही समजावून सांगायची नाही. नुसतं म्हणायची, बघा. तिच्या शेजारी हौसा बसायची, माण तालुक्यातून आलेली, तोंडानं अखंड बडबड करणारी.

एका सकाळी अनसूबाईच्या हातातली कुपी फुटली. त्या दिवशीच्या औषधात स्पिरिट होतं. ते पेटून उडालं ते शेजारच्या हौसाच्या तोंडावर. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. मला आधी फट्ट असा आवाज आला आणि मग हौसाची बडबड थांबलेली ऐकू आली. बायकांनी ओलं फडकं टाकून जाळ विझवला. डोळा वाचला. भुवई गेली आणि गालावर कानापर्यंत कातडी ओढली गेली.

अनसूबाईला स्वतःला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, जागेवर बसली, ज्योत पेटवली आणि कुपी उचलली. हात ज्योतीकडे निघाला आणि मध्येच थांबला. तिनं पुन्हा नेला, तो पुन्हा थांबला. मग तो इतका थरथरायला लागला की मीच चावी फिरवून गॅस बंद केला.

मी प्रथम समजावण्याचा रस्ता धरला. चूक तिची नव्हती. भरणाऱ्या यंत्रातून मानेला थेंब लागत होता आणि ते आता दुरुस्त केलं होतं. मी तिला यंत्र दाखवलं, थेंब कसा अडकायचा ते दाखवलं, काचेआडून कुपी तापवून फोडूनसुद्धा दाखवली. तिनं सगळं नीट ऐकलं. मला उलट नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाली, "मला समजलं बाई. ह्याला समजत न्हाई," आणि डावा हात माझ्यापुढे धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

आठवडाभरात ती भीती पसरली. आधी ज्योत, मग ज्योतीचा फुस्स आवाज, मग तसा कुठलाही आवाज. चहाच्या स्टोव्हला पंप मारला की ती उठून बाहेर जायची. एका संध्याकाळी धोंडिबा गाडी गेटबाहेर उभी करून मला भेटायला आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं होतं. ती चुलीपाशी जात नव्हती. देवापुढचा दिवासुद्धा लावत नव्हती. सासू म्हणत होती, बाहेरचं काहीतरी लागलंय, अमावस्येला देवरुष्याकडे नेऊ. तो देवरुषी अशा बाईला पेटत्या इंगळावर हात धरायला लावतो, असं धोंडिबानं खाली बघत सांगितलं. मग म्हणाला, "कारखाना न्हाई तर न्हाई, बाई. पर तिला चुलीपाशी बसता आलं पायजे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तकात एका लहान मुलाची हकीकत होती. त्याला सशाची भीती बसली होती. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा, असं करत त्याची भीती घालवली होती. वाचताना किती सोपं वाटलं होतं. पण ते मूल होतं आणि तो ससा होता. इथं समोर खरा जाळ होता, आणि हात चुकीच्या क्षणी थरथरला तर दुसरी हौसा व्हायला वेळ लागणार नव्हता. मी पुण्याला जाऊन सरांना भेटले. ते म्हणाले, वाचलेलं खरं आहे, पण मी स्वतः कधी करून पाहिलेलं नाही.

तरी सुरुवात केली. मागच्या एका मोकळ्या खोलीत टेबलाच्या टोकाला विझलेला बर्नर ठेवला आणि अनसूबाईला दारात बसवलं, पाय बाहेर, पाठ आत. ओटीत गूळ-शेंगदाणे. बैलांविषयी बोललं की ती खुलायची, म्हणून मी बैलांविषयी विचारायचे. मला बैलांतलं काही कळत नसल्यामुळे ती हसायची, आणि ते मला हवंच होतं. मग आत तोंड करून बसणं. मग ज्योत, पण बारीक, आवाज न करणारी. तिचे खांदे वर चढले की मी आदल्या टप्प्यावर परत यायचे. पुढे जायची घाई करायची नाही, हा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता. रोज घरी जाताना मात्र वाटायचं, पुस्तकातलं एक पान हातात घेऊन मी एका जित्या माणसाशी खेळतेय. तिच्या मनात काय चाललंय ते मी तिला कधी विचारलं नाही. आमच्या शास्त्रात ते विचारायचं नसे. त्याची रुखरुख मला अजून आहे.

हळूहळू ती टेबलाच्या मध्यापर्यंत आली. ज्योत चालू असताना दाणे खाऊ लागली. मला धीर आला.

त्याच सुमारास मोठी मागणी आली होती आणि दातारसाहेबांना कुशल हात हवे होते. एका दुपारी मी भांडारात गेले असताना ते त्या खोलीत शिरले. अनसूबाई एकटीच बसली होती. तिची समजूत एकदाच आणि कायमची घालावी म्हणून त्यांनी चावी पूर्ण उघडली, काडी लावली आणि मोठ्या ज्योतीवर स्वतःचा हात फिरवून म्हणाले, हे बघ, काही होत नाही. हेतू वाईट नव्हता. मी परत आले तेव्हा खोलीत दाणे विखुरले होते आणि साहेब गोंधळून उभे होते. अनसूबाई गेटबाहेर पळत गेली होती, चपला तिथंच टाकून.

ती पुन्हा आली नाही. मी साहेबांशी भांडले नाही. परीक्षेवर असलेल्या बाईनं काय भांडायचं. पण माझा चेहरा बघून ते आपणहून म्हणाले, "चुकलंच माझं. आता काय करायचं ते तुम्ही सांगा." असं झालं की भीती पहिल्यापेक्षा घट्ट बसते, एवढंच मला माहीत होतं. आणि अमावस्या जवळ आली होती.

मी नदी उतरून पिंपळे गुरवला जायला निघाले तेव्हा हौसा गेटपाशी उभी होती. बरी होऊन ती कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कामावर परतली होती. ती म्हणाली, मीबी येते. मी नको म्हणाले. मला भीती होती की तो गाल बघून अनसूबाई आणखी कोसळेल. माझ्या विद्येनं तर तेच सांगितलं असतं: ज्योत, आवाज, हौसाचा चेहरा, सगळं एकाच दोरीत ओवलेलं. हौसानं माझं ऐकून घेतलं आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

अनसूबाई अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. स्वयंपाकाची वेळ होती, आत सासूचं खोकणं ऐकू येत होतं. हौसाला बघून तिनं तोंड फिरवलं. हौसा तिच्यासमोर जाऊन बसली, आणि ती तोंड फिरवील तिकडे सरकत राहिली. शेवटी अनसूबाईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट लावून विचारलं, "दुखतंय?"

"न्हाय," हौसा म्हणाली. "थंडीत जरा वढतं."

एवढंच बोलणं झालं. मग हौसा उठून सरळ आत गेली, सासूच्या हातातली काटवट घेतली आणि भाकरी थापायला बसली. मी दारात उभी होते. हौसानं चुलीत लाकूड सारलं, फुंकणीनं फुंकर घातली, जाळ भडकला आणि तिच्या त्याच गालावर उजेड पडला. ती मागे सरली नाही. तिची बडबड परत सुरू झाली होती, शेजारणीची कुठलीशी गोष्ट. अंगणातून अनसूबाई बघत होती. खांदे वर चढलेले होते, पण ती उठून गेली नाही.

सासूशी मी देवरुष्यावरून वाद घातला नाही. म्हातारी दुष्ट नव्हती; घरातली सून दिवा लावत नाही म्हणून तीही घाबरलेली होती. मी फक्त एवढंच म्हटलं, ही अमावस्या जाऊ द्या. ती हौसाकडे बघत होती. म्हणाली, ह्या पोरीचं तोंड भाजलं तरी ही बसतीया, बघू. आणि अमावस्या जाऊ दिली.

हौसा रोज सुटी झाली की नदी उतरून जायची. मी कधी बरोबर जायचे, कधी नाही. मी काही शिकवत नव्हते. आधी अनसूबाई उंबऱ्यावर आली. मग आत भिंतीशी. एके दिवशी हौसा बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकरी विसरली, ती करपायला लागली, आणि अनसूबाईनं मागून हात घालून ती उलटली. मी त्या दिवशी तिथं होते. सासूनं पदर तोंडाला लावला. अनसूबाईनं आपला हात वळवून बघितला आणि पुढची भाकरी स्वतः थापली.

हे बक्षिसानं झालं नव्हतं आणि समजावण्यानंही नाही. एकीनं दुसरीला जाळापाशी निर्धास्त बसलेलं बघितलं, म्हणून झालं. बघूनही माणूस शिकतो, याला माझ्या तेव्हाच्या पुस्तकांत धड जागा नव्हती; पुढे त्यावरही पुस्तकं आली. सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हौसा म्हणजे तुमचा गूळ-शेंगदाणा. म्हणजे वर्तनवादच जिंकला. मी मान डोलावली, पण मला ते पुरतं पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

कारखान्यात परतल्यावर आम्ही पुन्हा मागच्या खोलीतून सुरुवात केली. या वेळी साहेब खोलीच्या जवळूनही गेले नाहीत, आणि हौसा शेजारी बसायची. काम लवकर पुढे गेलं. अनसूबाई मोठ्या टेबलावर आपल्या जागेवर बसली त्या दिवशी सगळ्या बायका मान खाली घालून काम करत असल्याचं दाखवत होत्या. तिनं पहिली कुपी बंद केली, उजेडात धरून तपासली, ताटलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

साहेबांनी मला नोकरीत कायम केलं. सगळे म्हणाले, बाईंनी भीती घालवली. मला मात्र रोज सकाळी बर्नर पेटायच्या वेळी वाटायचं: कुठं थेंब राहिला असेल का, हात कुठं थबकेल का. मी टेबलामागून फेऱ्या मारायचे आणि सगळ्यांच्या मनगटांकडे बघायचे. बायकांना वाटायचं, मी काम तपासतेय.

मग एका दुपारी अनसूबाईच्या पलीकडच्या टेबलावर एका पोरीच्या हातातली कुपी फुटली. तसाच फट्ट आवाज. स्पिरिट नव्हतं, काच तेवढी उडाली. तरी सगळी खोली जागच्या जागी थिजली. अनसूबाई उठली, तिकडे गेली, चावी फिरवून गॅस बंद केला आणि त्या पोरीचा चेहरा हनुवटीला धरून इकडून तिकडून नीट पाहिला. काही लागलं नव्हतं. तिनं फडक्यानं काचा गोळा केल्या, बर्नर पुसला आणि काडेपेटी मागितली.

काडेपेटी माझ्या हातात होती; फेऱ्या मारताना मी ती जवळच ठेवायचे. ती मला देता येईना. मी दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि तिथवर कशी पोचले ते मला आठवत नव्हतं. माझे खांदे कानापर्यंत चढले होते. अनसूबाई माझ्यापाशी आली. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली आणि काडेपेटी काढून घेतली.

"तुमी जरा बाहेर बसा, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आमी हाओत हितं."

मी बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसले. आत काडी ओढल्याचा आवाज आला, मग ज्योतीचा. माझे हात पदरात घट्ट धरून मी तो ऐकत राहिले.